तळघरातील दिवा

रायपूर शहराच्या उत्तरेस, बिरगावला लागून, उरला ही औद्योगिक वसाहत आहे. मराठी कानाला हे नाव गावाच्या नावापेक्षा अर्ध्यावर तुटलेल्या वाक्यासारखे वाटते. तेथे स्पंज आयर्नचे कारखाने आहेत, पोलाद वितळविणाऱ्या भट्ट्या आहेत, लालबुंद पोलाद लाटून त्याच्या सळया काढणाऱ्या रोलिंग मिल आहेत. अशा कारखान्यांत एखादी टाकी, बॉयलर किंवा धुराची नळी आतून दुरुस्त करावयाची असली म्हणजे कामगार हातात जाळीचा दिवा घेऊन आत उतरतो. हा दिवा घरातील दिव्यासारखा २३० व्होल्टांवर जळत नाही. तो २४ व्होल्टांवर जळतो. निदान तसा जळावा, असा दंडक १९४८ च्या कारखाने अधिनियमानेच घालून दिला. टाकी, खड्डा, नळी अशा कोंदट जागेत, पुरेशी संरक्षक साधने नसतील तर, २४ व्होल्टांहून अधिक दाबाचा हातदिवा नेऊ नये. कारण उघड आहे. चोहोबाजूंना लोखंड, अंगाला घाम आणि बाहेर पडावयास एकच भोक. अशा ठिकाणी ओल्या त्वचेतून प्राणघातक प्रवाह लोटण्याचे बळ २४ व्होल्टांत सहसा नसते. २३० व्होल्टांत ते पुरेपूर असते.

हाच कामगार संध्याकाळी घरी येतो. रविवारी तो आपल्या किंवा एखाद्या शेजाऱ्याच्या तळघराची साफसफाई करावयास उतरतो, तेव्हा वरच्या खोलीतील पिनेतून ओढलेली एक लांबलचक वायर, तिच्या टोकाला उघडा होल्डर आणि त्यात दिवा, एवढ्या साहित्यावर तो खुशाल काम करतो. पायाखाली ओल असते, पाठीला ओली भिंत असते, आणि बहुधा पायांत वहाणही नसते. कारखान्यात जी जागा धोक्याची म्हणून नियमांनी वेढली जाते, तीच जागा घरात अडगळीची म्हणून दुर्लक्षिली जाते. वास्तविक विजेच्या दृष्टीने तळघर आणि टाकी यांत फारसा फरक नाही.

छत्तीसगडात मराठी माणूस नवा नाही. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून तो येथे नांदतो आहे आणि त्याच्यासोबत घराविषयीच्या त्याच्या कल्पनाही येथे आल्या आहेत. पेशवाईतील वाड्यांना तळघरे असत. त्यांत धान्य, चीजवस्तू, क्वचित दारूगोळाही ठेवीत. दिवा म्हणजे समई नाही तर कंदील. तो पडला तर आग लागे, परंतु तो भिंतीतून माणसाला धरून ठेवीत नसे. रायपुरात वैशाखात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. त्या दिवसांत तळघराचा गारवा हवाहवासा वाटतो, आणि मग कुणाच्या तरी मनात येते की येथे मुलांची अभ्यासिका करावी, शिवणयंत्र ठेवावे किंवा छोटासा कारखाना थाटावा. रंग ठरतो, फरशी ठरते, कपाटे ठरतात आणि सर्वांत शेवटी वायरमनला बोलावणे जाते. हा क्रम नेमका उलटा हवा.

त्याही आधी एक गोष्ट स्पष्ट असावी. तळघराचा वापर बदलणे ही केवळ घरमालकाच्या मर्जीची बाब नाही. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार तळघराची उंची किमान २.४ मीटर असावी लागते, तेथे वायुवीजनाची सोय लागते, आणि तळघर हे मुख्यतः साठवण, वाहने व यंत्रसामग्री यांसाठी मानले जाते. निजण्याची खोली म्हणून नव्हे. महानगरपालिकेने मंजूर केलेल्या नकाशात जे कोठार आहे त्याची अभ्यासिका करावयाची, तर आधी परवानगी घ्यावी लागते. दिल्लीतील जुन्या राजेंद्रनगरात २७ जुलै २०२४ रोजी एका शिकवणीच्या इमारतीतील तळघरात पावसाचे पाणी घुसले आणि तीन विद्यार्थी बुडून मृत्यू पावले. तेथे ग्रंथालय चालत असे. मंजुरी होती ती साठवणुकीची. हा बळी विजेचा नव्हता. परंतु तळघरात पाणी किती झपाट्याने भरते आणि बाहेर पडण्याची वाट किती लवकर बंद होते, हे त्या संध्याकाळी सर्व देशाला कळले. त्याच्या दोनच दिवस आधी, २५ जुलै रोजी, पुण्यात मुठेला पूर आला असता डेक्कनजवळच्या पुलाच्या वाडीत आपली हातगाडी हलविणारे तीन तरुण विजेच्या धक्क्याने गेले. पाणी आणि वीज एकत्र आली की कोणाचे काय होते, हे या दोन दिवसांनी शेजारी शेजारी मांडून दाखविले. नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, तेव्हाही तळमजले आणि तळघरे प्रथम भरली. रायपूरच्या वाट्याला वर्षाकाठी साधारण १,२०० मिलिमीटर पाऊस येतो व त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. तेव्हा तळघरात पाणी कधीच येणार नाही असे धरून वीज आखणे म्हणजे स्वतःची समजूत घालणे होय.

शिवाय पाणी दाराने येते तसे हवेतूनही येते. पहिल्या पावसानंतरची दमट हवा तळघरात उतरते आणि तेथील थंड भिंतीला टेकताच तिला घाम फुटतो. गळती कोठे नाही, पूर नाही, तरी भिंत ओली! लोणा लागलेल्या भिंतीत लोखंडी नळ्या दोन-चार वर्षांत खाऊन जातात आणि आतील वायरचे आवरण फुगते. उरल्याच्या परिसरात यात आणखी एका वैऱ्याची भर पडते. ती म्हणजे कारखान्यांतून उडणारी काळी धूळ. तिच्यात लोहाचे आणि कोळशाचे कण असतात. ही धूळ स्विचबोर्डात साचली आणि तिला ओल लागली, म्हणजे दोन पितळी तुकड्यांच्या मधोमध प्रवाहाला एक चोरवाट तयार होते. म्हणून तळघरातील बोर्ड आणि जोडपेट्या धूळ व शिंतोडे रोखणाऱ्या, झाकण घट्ट बसणाऱ्या घ्याव्यात. नळ्या पीव्हीसीच्या असाव्यात आणि लोणा लागलेल्या भिंतीत खाचा पाडून त्या पुरण्याऐवजी भिंतीपासून किंचित अंतर ठेवून बाहेरूनच बसवाव्यात. दिसावयास तितके सुबक नाही, हे खरे. परंतु बिघाड झाला तर तो डोळ्यांना दिसतो, आणि ते अधिक मोलाचे.

आता या विषयातील सर्वांत महत्त्वाचा गैरसमज. घरात एमसीबी बसविले की घर सुरक्षित झाले, असे पुष्कळांना मनापासून वाटते. पूर्वी फ्यूजविषयी असेच वाटे. वस्तुतः फ्यूज आणि एमसीबी ही वायरची रखवाली करतात, माणसाची नव्हे. हिशेब साधा आहे. ओल्या अंगाच्या माणसाचा विरोध सुमारे १,००० ओहम धरला तर २३० व्होल्टांच्या दाबाने त्याच्या देहातून २३० मिलिअँपिअर, म्हणजे पाव अँपिअरहूनही कमी, प्रवाह वाहील. दहा-पंधरा मिलिअँपिअरलाच हाताचे स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सोडता येत नाही. तिसाच्या पुढे, काही क्षण टिकला तर, तो प्रवाह हृदयाची लय बिघडवू शकतो. आणि पिनेवरचे एमसीबी? ते बहुधा १६ अँपिअरचे, म्हणजे १६,००० मिलिअँपिअरचे असते. माणसाचा जीव घेणारा तो प्रवाह त्याच्या क्षमतेचा जेमतेम सत्तरावा भाग. एमसीबीच्या लेखी तो एखाद्या टेबलफॅनसारखा किरकोळ भार. माणूस तडफडत असतो आणि एमसीबी आपल्या जागी निवांत वर उभे असते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत २०२१ या एका वर्षी विजेच्या धक्क्याने देशात १२,००० हून अधिक माणसे दगावल्याची नोंद आहे. त्यांतल्या कितींच्या डोक्यावर एमसीबी किंवा फ्यूज शाबूत होता, याचा विचार ज्याने त्याने करावा.

माणसाची रखवाली करणारे उपकरण निराळे आहे. त्याला आरसीसीबी म्हणतात. बाजारात जुन्या सवयीने ईएलसीबीही म्हणतात. त्याची युक्ती मोठी मनोज्ञ आहे. फेजमधून जेवढा प्रवाह घरात जातो तेवढाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. या दोन्ही तारा एका लोहचुंबकीय कड्यातून नेलेल्या असतात. जाणे-येणे समसमान असेपर्यंत कड्यात काहीच उमटत नाही. परंतु जाताना गेलेला थोडासा प्रवाह एखाद्या ओल्या भिंतीतून किंवा माणसाच्या देहातून जमिनीत उतरला, तर हिशेबात तेवढी तूट येते, कड्यातील तोल ढळतो आणि खटका पडतो. ३० मिलिअँपिअरचे उपकरण एवढ्या तुटीला फार तर ०.३ सेकंदात आणि तूट पाचपट असेल तर ०.०४ सेकंदात वीज तोडते. सावकाराच्या मुनिमाने वहीतील एका पैशाची तूट धरावी तसा हा कारभार. मात्र त्याच्याही मर्यादा आहेत. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरणाऱ्याला ते वाचवू शकत नाही, कारण त्या वेळी जमेचा आणि खर्चाचा मेळ बरोबर बसतो. वायरवर भार वाढला तरी त्याला कळत नाही. म्हणून एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही हवीत. एकाने दुसऱ्याचे काम भागत नाही.

आरसीसीबी असले म्हणजे अर्थिंगची गरज नाही, असेही कोणी समजू नये. अर्थिंग असेल तर पंपाच्या कवचात उतरलेली वीज लगेच जमिनीत जाते आणि कोणी हात लावण्यापूर्वीच खटका पडतो. अर्थिंग नसेल तर तो खटका पाडण्याचे काम हात लावणाऱ्या माणसाच्या देहाला करावे लागते. छत्तीसगडचा शेतकरी जमिनीला चार नावांनी ओळखतो : कन्हार, डोरसा, मटासी आणि भाटा. कन्हार म्हणजे काळी, ओल धरणारी. भाटा म्हणजे मुरमाड, लालसर, पाणी न थांबणारी. जे पिकाला तेच अर्थिंगला. काळ्या जमिनीत पुरलेली अडीच मीटर लांबीची जस्तलेपित नळी सहज चांगले काम देते. तीच नळी भाटा जमिनीत उन्हाळ्यात जवळजवळ निकामी होते, कारण कोरडा मुरूम विजेला वाट देत नाही. अशा ठिकाणी खड्डा खोल घ्यावा लागतो, कधी दोन खड्डे एकमेकांस जोडावे लागतात, आणि चैत्र-वैशाखात खड्ड्यात नियमाने पाणी ओतावे लागते. घरातील तुळशीला पाणी घालणाऱ्याने तेच भांडे दोन पावले पुढे न्यावे, एवढेच हे काम. पण ते करणारी घरे थोडी.

आता प्रत्यक्ष आखणी. मुख्य बोर्ड तळघरात नको. तो तळमजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी, खाली पाय न टाकता हात पोहोचेल अशा ठिकाणी हवा. तळघराचा पुरवठा तेथून निराळा निघावा. वायर वरून, छताच्या बाजूने खाली उतरावी. फरशीतून वर येणारी नळी ही पाण्याला दिलेले आमंत्रण आहे. वरच्या खोल्यांत पिना जमिनीपासून वीतभर उंचीवर असतात. तळघरात त्या निदान सव्वा मीटर उंच असाव्यात. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, पिनांना अडीच, आणि वातानुकूलन यंत्र बसवावयाचे तर चार. जुन्या घरात अॅल्युमिनियमची वायर असेल तर तिला तांब्याची वायर पिळून जोडण्याचा मोह टाळावा. असा जोड ओल्या हवेत गंजतो, तापतो आणि एके दिवशी जळतो.

पाणी उपसण्याच्या पंपाला संपूर्ण स्वतंत्र मार्ग आणि स्वतंत्र आरसीसीबी हवे. पुष्कळ ठिकाणी सर्व तळघराला मिळून एकच आरसीसीबी बसवितात. मग पंपात पाणी शिरले की खटका पडतो आणि त्याच क्षणी जिन्यावरचा दिवाही जातो. अंधार, पाणी आणि जिना सापडत नाही, अशी अवस्था एका काटकसरीमुळे ओढवते.

तथापि खरा पेच इन्व्हर्टरचा आहे. इन्व्हर्टर नाही असे घर आता शहरांत कमीच. बहुतेक घरांत इन्व्हर्टरच्या मार्गाचा फेज वेगळा पण न्यूट्रल मात्र सर्व घराचा एकच ठेवलेला असतो. आरसीसीबीला हा हिशेब जुळत नाही. एका वाटेने गेलेला प्रवाह दुसऱ्या वाटेने परततो आणि खटका वारंवार पडू लागतो. घरमालक कंटाळतो. वायरमन येतो, आरसीसीबी सदोष आहे असे सांगतो आणि ते काढून तारा थेट जोडून जातो. सदोष ते उपकरण नव्हतेच, सदोष होती ती मांडणी. इन्व्हर्टरवर चालणाऱ्या मार्गांना त्यांचा स्वतःचा न्यूट्रल आणि स्वतःचे आरसीसीबी दिले, म्हणजे हा त्रास संपतो. ते इन्व्हर्टरवर चालत असतानाही गळतीला पडते की नाही, हे जाणत्याकडून उपकरण लावून पारखून घ्यावे.

याहून मोठा धोका निराळाच आहे. पूर आला, घरमालकाने मुख्य स्विच बंद केला आणि आता वीज नाही अशा खात्रीने तो पाण्यात उतरला. परंतु मुख्य पुरवठा बंद होताच इन्व्हर्टर आपले कर्तव्य बजावू लागतो! बॅटरीतून २३० व्होल्ट त्याच दिव्यांच्या तारांत वाहू लागतात. छतावर सौर पट्ट्या आणि त्यांची बॅटरी असेल तर आणखी एक वाट. म्हणून जिन्याच्या तोंडाशी एक नव्हे, दोन दांडे हवेत, एक मंडळाच्या विजेचा आणि एक इन्व्हर्टरचा. आणि त्यांवर ठळक देवनागरीत तसे लिहिलेले असावे. बॅटरी तर तळघरात ठेवूच नये. शिसे-आम्लाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की एक ठिणगी पुरते, आणि हा हलका वायू साचतो तो नेमका छताशी, दिव्यांच्या शेजारी. डिझेलचा जनित्रसंचही तसाच वर्ज्य. त्याचा धूर तळघरात कोंडला की माणूस झोपेतच जातो.

राहिला उजेड. पाच मीटर लांब आणि चार मीटर रुंद खोली घेतली तर क्षेत्र २० चौरस मीटर झाले. सर्वसाधारण वावराला १५० लक्स उजेड धरला तर ३,००० ल्यूमेन लागतात; भिंती, धूळ आणि जुनेपणा यांत निम्मा उजेड जातो म्हणून ६,००० धरावेत. साधारण २,००० ल्यूमेनच्या, २० वॅटच्या तीन एलईडी नळ्या पुरतात. अभ्यासाच्या मेजावर ३०० लक्स हवेत. त्यासाठी सगळी खोली झगझगीत करण्यापेक्षा मेजावर वेगळा दिवा बरा. भिंतींना पांढरा रंग दिला तर एक नळी वाचते. छत बुटके असल्याने उंच माणसाचा वर केलेला हात दिव्यापर्यंत पोहोचतो. तेव्हा लोंबता उघडा होल्डर मुळीच नको, दिवा झाकणबंद असावा. छताचा पंखाही नको, त्याच कारणाने. भिंतीवरचा पंखा आणि हवा बाहेर फेकणारा पंखा, हे दोन असावेत. खोलीतील दिवे दोन निरनिराळ्या मार्गांवर वाटावेत. जिन्याच्या दिव्याला वर आणि खाली दोन्हीकडे स्विच हवा, म्हणजे अंधारात उतरण्याची वेळ येत नाही. आणि जिन्याच्या माथ्यावर स्वतःची छोटी बॅटरी असलेला, वीज जाताच आपोआप लागणारा एक दिवा असावा. या एका दिव्यावर खर्च करावयास लोक सर्वांत अधिक कां कू करतात, आणि सजावटीच्या रंगीत पट्ट्यांवर सर्वांत कमी.

काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. पुरवठा जोडण्यापूर्वी ५०० व्होल्टांच्या मेगरने प्रत्येक मार्ग तपासून घ्यावा. वायरच्या आवरणाचा विरोध एका मेगओहमहून कमी निघाला तर कोठे तरी ओल शिरली आहे असे समजावे आणि ती सापडेपर्यंत थांबावे. मार्गांचा साधा नकाशा काढून तो बोर्डाच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटवावा. आरसीसीबीवर टी हे अक्षर असलेली एक कळ असते. महिन्यातून एकदा, पौर्णिमा म्हणा की पहिली तारीख म्हणा, ती दाबून खटका पडतो का ते पाहावे. पडला नाही तर उपकरण त्याच दिवशी बदलावे.

आणि तळघरात पाणी येऊन गेलेच, तर ओसरल्याबरोबर दिवे लावून पाहण्याची घाई कोणी करू नये. बुडालेली पिन, स्विच, जोडपेटी आणि एमसीबी वाळवून पुन्हा वापरू नयेत, नवी घ्यावीत. आतील गाळ आणि लोहाची धूळ उन्हाने जात नाही. नळ्यांतील पाणी काढून, वायरी पुन्हा मेगरने पारखून, मगच वरचा दांडा ओढावा. तोवर खाली उतरावयाचे असेल तर बॅटरीवरचा हातदिवा न्यावा. उरल्यातील कामगाराला टाकीत उतरताना मिळतो तसा तो कमी दाबाचाच असतो, आणि हार्डवेअरच्या कोणत्याही दुकानात मिळतो.